केरमानचे गालिचे आणि एक फिरता मेसेज

इराणमधल्या केरमानच्या गालिच्यांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. हजारो वर्षांत या कलेत काडीचा बदल नाही, रंग सगळे झाडापानांचे, ‘परिपूर्ण फक्त ईश्वर’ म्हणून विणकर मुद्दाम एक चूक सोडतो आणि एवढी बारीक गाठ लहान मुलांच्याच बोटांना जमते, असं त्यात म्हटलंय.

बदल नाही? केरमानचे गालिचे अकबराच्या काळात हिंदुस्थानात येत. ‘ऐन-ए-अकबरी’त तशी नोंद आहे. पण 1794 मध्ये इराणच्या गादीसाठी लढणाऱ्या आगा मोहम्मद खानाने शहर उद्ध्वस्त केलं, आणि पुढे 19व्या शतकात केरमानचा बोलबाला होता तो शालींचा. युरोपातल्या यंत्रमागांवर नकली शाली स्वस्तात निघू लागल्या, फॅशनही ओसरली, तसा हा धंदा बसला. त्या शतकाच्या अखेरीस शालींचे विणकर आणि नक्षीकार गालिच्यांकडे वळले. भांडवल घालायला इराणमधल्याच तब्रीझ शहराचे व्यापारी आले, मागोमाग परदेशी पेढ्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची आवड बघून नक्षी ठरू लागली, म्हणूनच 1929 च्या मंदीचा तडाखा थेट केरमानच्या मागांना बसला. एवढ्या उलथापालथीतून ज्यांनी हुन्नर जगवला, त्यांचं श्रेय ‘परंपरा’ या एका शब्दात गडप होतं, याचा मला राग येतो.

रंगांचं म्हणाल, तर केरमानचा नावाजलेला लाल रंग कोचिनील किड्यापासून व्हायचा. हा किडा मूळचा अमेरिका खंडातला.

मुद्दाम सोडलेली चूक? नक्षी आधी चौकटींच्या कागदावर रंगवतात. एक चौकट म्हणजे एक गाठ. कारखान्यात एक जण ती सुरात मोठ्याने सांगतो, कुठल्या रंगाच्या किती गाठी, आणि मागावर बसलेले त्याबरहुकूम गाठी मारत जातात. अशा कामात दिवसभरात एखादी गाठ चुकणारच. त्यासाठी अध्यात्म लागत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. मोठ्यांचे हात तितकीच बारीक गाठ मारतात. मुलं ठेवली जायची ती त्यांना मजुरी कमी द्यावी लागते म्हणून. ओलसर, अंधाऱ्या खोल्यांत तासन्‌तास उकिडवं बसून मुलींची कंबरेची हाडं वाकायची आणि पुढे बाळंतपणात जीव धोक्यात यायचा. तिथल्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलंय. अखेर डिसेंबर 1923 मध्ये केरमानच्या गव्हर्नरने हुकूम काढला: कामाचे तास आठ, तळघरातल्या आणि ओलसर कारखान्यांना बंदी, आणि आठ वर्षांखालचा मुलगा किंवा दहा वर्षांखालची मुलगी मागावर बसवायची नाही.