रावसाला सालमन म्हणण्याचा घोळ

सध्या फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: रावस म्हणजे आपला देशी सालमन. दोघे एकाच घराण्यातले. रावसही समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. ओमेगा-३ तेवढंच. सालमनसारखा कच्चाही खाता येतो. मग परदेशी माशावर पैसे कशाला घालवायचे?

शेवटच्या प्रश्नाशी आमचं भांडण नाही. ताजा रावस समोर असताना बर्फातून आलेला सालमन घेण्याचं काही कारण नाही. त्याआधीचं मात्र एकही विधान धड नाही.

‘एकाच घराण्यातले.’ ‘इंडियन सालमन’ हे इंग्रजी अमदानीतलं बारसं. बोंबलाला ‘बॉम्बे डक’ म्हणणाऱ्यांकडून आणखी कसली अपेक्षा करायची? ऑस्ट्रेलियातही याच माशाला ‘ब्लू सालमन’ म्हणतात, म्हणून तिथेही तो सालमन ठरत नाही. सालमनचं कुळ साल्मोनिडी. रावसाचं पॉलिनेमिडी, शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. सालमनचे भाऊबंद भारतात पाहायचेच असतील तर काश्मीर-हिमाचलच्या थंड ओढ्यांतले ट्राउट पाहावेत, आणि तेही बाहेरून आणून सोडलेले.

‘टेट्राडॅक्टिलम’ म्हणजे चार बोटांचा, आणि ओळखीची खूण नेमकी तीच आहे. माशाच्या छातीचा पर उचला. त्याच्या बुडाशी, खालच्या अंगाला, चार सुटे दोरे दिसतील. लोक त्यांना मिशा म्हणतात, पण मिशा शिंगाळ्याला असतात आणि त्या तोंडाशी असतात. हे दोरे म्हणजे परापासून सुटे झालेले त्याचेच काटे. गढूळ पाण्यात तळाशी कोळंबी चाचपायला ते कामी येतात. दोरे मोजा: चार असले तर रावस. पाच असून अंग काळपट असेल तर तो दाढा नावाचा मासा. सहा-सात असतील तर ती याच कुळातली लहान चणीची दुसरी जात, आणि त्यांतल्या काहींच्या खांद्यावर काळा डागही असतो.

दोरे तुटले असतील तर जबड्यावरून बोट फिरवा. रावसाचे बारीक दात जबड्याच्या बाहेरच्या कडेवरही आलेले असतात, त्यामुळे तोंड मिटलेलं असलं तरी बोटाला पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं. नाकाड तोंडाच्या पुढे आलेलं, डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा, पाठीवर एकमेकांपासून लांब असलेले दोन पर आणि त्यांतला पुढचा काट्यांचा. सालमनच्या पाठीला काटेरी पर नसतोच. उलट शेपटीजवळ मांसल, बिनकाट्याचा एक छोटा पर असतो, तो रावसाला नाही.

तुकडे करून घरी आलेल्या माशावर यातलं काहीच तपासता येत नाही. म्हणून अख्खा मासा बघून कोळणीकडून समोर कापून घ्यावा. तरी शंका राहिलीच तर तवा सांगतो. सालमनचा केशरी रंग अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा, तो शिजल्यावरही बराचसा टिकतो. रावसाची कच्ची गुलाबी झाक शिजताच जाते आणि पांढऱ्या पाकळ्या सुटतात.

‘नदीत चढून अंडी घालतो.’ हे तर पार उलटं. सालमन गोड्या पाण्याच्या नदीतळाशी, गोट्यांत खड्डा करून वाटाण्याएवढी अंडी पुरतो. रावस किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यातच अंडी सोडतो. ती एक मिलिमीटरहूनही लहान असतात, आत तेलाचा थेंब असल्याने तरंगतात आणि प्रवाहाबरोबर वाहतात. खाडीत शिरतात ती पिल्लं, कारण जवळा, कोळंबीची पोरं आणि आडोसा तिथे मिळतो. मोठे रावसही भरतीबरोबर खाडीत येतात, पण ते बोईट आणि कोळंबीच्या मागे. मच्छीमाराला जाळ्यात खाडीचा रावस मिळतो म्हणून तो नदीत चढला असं नव्हे.

दुसरा फरक याहून मोठा आहे. सालमन नर म्हणून जन्मला तर नरच राहतो. रावस आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे मोठ्या रावसांत गाभोळी सापडते, लहानांत सहसा नाही. बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यात वीतभर पिल्लं उपसली तर उद्याचे नर आणि परवाच्या माद्या दोन्ही एकदम जातात. मेसेजमध्ये लिहिण्यासारखी गोष्ट खरं तर ही होती.

‘ओमेगा-३ तेवढंच.’ पाळीव अटलांटिक सालमनमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम चरबी असते आणि ईपीए-डीएचए (माशातल्या ओमेगा-३चे दोन मुख्य प्रकार) मिळून २ ग्रॅमच्या आसपास. रावस त्यामानाने बराच कमी तेलाचा, म्हणूनच तो कालवणात जड होत नाही. तेल हवं असेल तर तारली आणि बांगडा घ्या, खर्चही कमी.

‘कच्चा खाल्ला तरी चालतो.’ यावर मात्र हसून सोडून देऊ नये. सालमन कच्चा वाढण्यापूर्वी सहसा उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली सात दिवस गोठवतात, म्हणजे त्यातल्या परजीवी अळ्या मरतात. बाजारातला रावस बर्फात ठेवलेला असतो, गोठवलेला नसतो. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा त्या तापमानाला पोचेल आणि आठवडाभर तिथेच राहील याचा भरवसा धरू नका. तुकडी आतपर्यंत पांढरी होऊन काट्यापासून सुटेस्तोवर शिजवा.