समुद्राचा कायदा पाळला जातो तो बंदरात

परवा एका तरुण मैत्रिणीने विचारलं, "समुद्र वाचवण्यासाठी एवढे करार झाले, त्यातला एक तरी खरंच चालला का गं?" प्रश्नात वैताग होता. परिषदा होतात, ठराव होतात, फोटो निघतात, आणि समुद्राची बातमी काही सुधारत नाही, हे बघून कुणीही वैतागेल. पण उत्तर "हो" असं आहे. काही कायदे चालले, अगदी उत्तम चालले. ते का चालले हे आपण नीट पाहत नाही, म्हणून पुढचे करार पुन्हा जुन्याच चुकांवर उभे राहतात. पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

तेलवाहू जहाजांचं उदाहरण घेते, कारण ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. समुद्रात तेल पसरतं ते जहाज फुटल्यावर, असं आपल्याला वाटतं. पण कित्येक वर्षं टँकरमधून समुद्रात जाणारं बरंचसं तेल रोजच्या कामातलं होतं. माल उतरवला की रिकामा टँकर हलका होतो, लाटांवर स्थिर राहत नाही. मग वजनासाठी त्याच तेलाच्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरायचं. टाकीच्या भिंतींना आणि तळाला चिकटलेलं तेल त्या पाण्यात मिसळायचं. पुढचा माल भरण्याआधी ते पाणी वाटेत समुद्रात सोडून द्यायचं आणि टाक्या मोकळ्या करायच्या. त्याची बातमी कधी झाली नाही, कारण ते नेहमीचं काम होतं.

यावर 1954 मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला: किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत असं पाणी सोडू नका. 1969 च्या दुरुस्तीने आणखी बारीक हिशेब सांगितला: दर सागरी मैलामागे 60 लिटरपेक्षा जास्त तेल जाता कामा नये. वाचायला किती काटेकोर! पण भर समुद्रात, रात्रीच्या अंधारात, साठावा लिटर कुठे संपला हे कोण मोजणार? आणि कुणी पाहिलंच, तरी खटला भरायचा तो जहाजावर ज्याचा झेंडा आहे, म्हणजे जिथे ते नोंदलेलं आहे, त्या देशाने. म्हणजे नियम होता, पण तो मोडला हे सिद्ध करायची सोय नव्हती.

मार्च 1967 मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ टॉरी कॅन्यन हा टँकर खडकावर चढला. त्यात 1 लाख टनांहून जास्त कच्चं तेल होतं. उरलेलं तेल जाळून टाकायला ब्रिटिश सरकारने चक्क विमानं पाठवून त्यावर बाँब टाकले. त्या धक्क्यातून पुढे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा 1973 चा मारपोल करार आला, 1978 मध्ये त्याला जोड मिळाली आणि 1983 मध्ये तो लागू झाला. तेल किती सोडलंत याचे नियम त्यात राहिलेच, पण त्यांच्या जोडीला जहाज बांधलंय कसं हाही प्रश्न आला. नव्या मोठ्या टँकरना वजनाच्या पाण्यासाठी वेगळ्या टाक्या सक्तीच्या झाल्या. तेल आणि पाणी एका टाकीत येणारच नाही, मग सोडायचं काय?

आता हा नियम तपासायचा कसा, ते बघा. वेगळ्या टाक्या लपवता येत नाहीत. निरीक्षक बंदरात जहाजावर चढला की त्याला त्या दिसतात. प्रमाणपत्र नसेल तर जहाज अडकतं, आणि अडकलेलं जहाज मालकाला दररोज तोट्यात घालतं. शिवाय नियमाबाहेरचं जहाज कारखाना बांधून देत नाही, विमा कंपनी त्याच्या वाटेला जात नाही. नियम पाळायचा की नाही हा निर्णय भर समुद्रातल्या एकट्या कॅप्टनच्या हातातून काढून घेतला गेला. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन वॅल्डीझ हा टँकर फुटल्यानंतर दुहेरी तळाची आणि दुहेरी भिंतीची सक्ती आली, तीही याच धर्तीची. 1970 च्या दशकात टँकरमधून 700 टनांवरच्या मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी 24 च्या आसपास होत होत्या. 2010 च्या दशकात त्या वर्षाला दोनाच्याही खाली आल्या. या काळात समुद्रातून होणारी तेलाची वाहतूक कमी झाली नव्हती, वाढलीच होती.

दुसरं उदाहरण कमी लोकांना माहीत असतं. जहाजाच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असलेला रंग लावत. तो इतका जहाल होता की काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि त्यांचं प्रजनन थांबलं. फ्रान्समध्ये कालवांची शेती बसली, तेव्हा 1982 मध्ये त्या देशाने लहान बोटींवर हा रंग बंद केला. जागतिक करार व्हायला 2001 उजाडलं, तो लागू व्हायला 2008. इतका उशीर मला आजही अस्वस्थ करतो. पण लागू झाल्यावर तो चालला, कारण जहाजाच्या बुडाला कोणता रंग आहे हे नमुना घेऊन तपासता येतं.

आता न चालणारी बाजू. 1982 च्या सागरी कायदा कराराचं 192 वं कलम सांगतं की सागरी पर्यावरणाचं रक्षण आणि जतन करणं राष्ट्रांवर बंधनकारक आहे. एका ओळीचं, अतिशय सुंदर कलम आहे. पण खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार असतो तो झेंड्याच्या देशाचा. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं या तीन देशांच्या नोंदवह्यांत जगातल्या जहाजांचा फार मोठा वाटा आहे, आणि त्यातल्या बहुतेकांचे मालक भलत्याच देशांतले. ज्या देशाला नोंदणीची फी मिळते त्यानेच त्या जहाजाला शिस्त लावायची, अशी ही रचना आहे. म्हणून माझा जीव याच कराराच्या 218 व्या कलमावर जास्त आहे. त्यानुसार खुल्या समुद्रात घाण सोडलेलं जहाज आपल्या बंदरात आलं, तर बंदराचा देश चौकशी आणि कारवाई करू शकतो. चोरट्या मासेमारीविरुद्धचा 2009 चा बंदर-करार, जो 2016 मध्ये लागू झाला, त्याच वाटेने जातो: संशयित बोटीला बंदरच देऊ नका, मासळी उतरवू देऊ नका.

अर्थात यातून निसटणारेही आहेत. सध्या निर्बंध चुकवणाऱ्या जुन्या टँकरांचा एक छुपा ताफा फिरतोय. वारंवार झेंडे बदलायचे, विमा संशयास्पद, माल समुद्रातच या जहाजातून त्या जहाजात. ते कडक बंदरं टाळतात. मला त्यांची खरंच भीती वाटते.

खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार 2023 मध्ये संमत झाला आणि 17 जानेवारी 2026 ला लागू झाला. त्याचं मी मनापासून स्वागत करते. त्यात एक गोष्ट शहाणपणाची आहे: संरक्षित क्षेत्रावर एकमत झालंच नाही, तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होऊ शकतो. अंटार्क्टिकाच्या समुद्रासाठी वेगळा करार आहे, आणि तिथे सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. तिथे 2016 मध्ये रॉस समुद्राला संरक्षण मिळालं खरं, पण पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव दहा वर्षांहून जास्त काळ अडकून पडलाय. मात्र नव्या करारातल्या नकाशावरच्या रेषेची राखण कोण करणार, हा प्रश्न आहेच. माझं उत्तर तेच, जुनं: त्या रेषेच्या आत शिरून पकडलेली मासळी बंदरात उतरता कामा नये.

आणि प्लॅस्टिक. मे 2021 मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल हे मालवाहू जहाज पेटलं आणि जूनमध्ये बुडालं. त्यात सुमारे 1,680 टन प्लॅस्टिकचे कच्चे दाणे होते. किनाऱ्यावर त्यांचे बर्फासारखे थर साचले. जुलै 2025 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. पण मूळ दुखणं वेगळं आहे. हे दाणे जहाजावर धोकादायक माल म्हणून गणलेच जात नव्हते. त्या वर्गात असते, तर कंटेनर कुठे ठेवायचा, कसा बांधायचा, त्यावर काय लिहायचं, हे सगळं बंधनकारक झालं असतं आणि बंदरात तपासता आलं असतं.

प्लॅस्टिकच्या जागतिक कराराची चर्चा ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात कराराविनाच आटोपली. भांडण मुख्यतः उत्पादनावर मर्यादा घालायची की नाही यावर होतं. काही देश म्हणतात, कचऱ्याचं व्यवस्थापन सुधारा, उत्पादनाला हात लावू नका. मला हे 60 लिटरच्या नियमासारखंच वाटतं. समुद्रात पोचलेला तुकडा कुणाचा, हे कुणीही सांगू शकत नाही. कारखान्याच्या फाटकातून किती टन बाहेर पडलं, हे मात्र पावतीवर लिहिलेलं असतं. मोजायचं तर तिथे मोजा.

एक्स-प्रेस पर्लवर होते तसले दाणे नीट बांधून, नोंद करून, डेकच्या खाली ठेवावेत अशी सूचना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये काढली. ती ऐच्छिक आहे.