मूल वर्गात का नाही, ते आधी विचारा

गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेचा निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिक्षक करतात काय? अशा शाळेत मी बरीच वर्षं शिकवलंय. हा प्रश्न ऐकला की अजूनही जिवाला लागतं.

दुसरीत माझ्याकडे एक मुलगी होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायचीच नाही, सारखी शेजारणीच्या वहीत डोकावायची. मी तिला दोनदा रागावले. एकदा फळ्यापाशी बोलावलं, तर नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन तिनं अख्खं वाक्य न अडखळता वाचलं. वाचता येत होतं, दिसत नव्हतं! चष्मा यायला चार महिने गेले, कारण तपासणीला न्यायचं तर आईचा रोज बुडायचा. त्या दोनदा रागावण्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ती निदान रोज यायची तरी. बाकीच्यांची कारणं ऐका: धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, दाढ ठणकतेय, भाडं थकलं म्हणून रातोरात घर बदललं. वर्षाला 180 दिवस शाळा धरली, तर महिन्याला दोन दिवस बुडाले तरी वर्षाचा दहावा हिस्सा गेला. जोडाक्षरं शिकवली त्या आठवड्यात जे पोर घरी होतं, ते चौथीत परिसर अभ्यास कसा वाचणार?

केनियात 1998 पासून 75 प्राथमिक शाळांमध्ये मुलांना जंताच्या गोळ्या देऊन पाहिल्या. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये निष्कर्ष छापले: गोळ्या मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्यानं घटली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत, हेही त्यांनीच लिहिलं. मला दोन्ही गोष्टी पटतात. मूल वर्गात आलं की पुढचं काम शिकवणाऱ्याचं.

पण शिकवणारा टिकतो कुठे? नवखा माणूस आधी अशाच शाळेत येतो, हात बसला की बदली मागतो. त्याला तरी काय बोलणार, एकटा किती पुरेल?

म्हणून निकालपत्रकाआधी हजेरीपट मागवा. आठवड्यातून एकदा डोळे, दात, कान तपासणारी नर्स द्या. आणि मूल सलग तीन दिवस आलं नाही तर घरी जाऊन, न रागावता, काय झालं म्हणून विचारणारं एक पगारी माणूस द्या. आज ते काम शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकाच करते, जमेल तेवढ्या घरी.