तिसरी पिन कापू नका! ‘पीसी सुरू होत नाही? हे ७ उपाय करा’ या मेसेजला उत्तर

मागच्या रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. “मावशी, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. बाबांनी प्लगची जाड पिन कापली, तरी येतातच. आता एसएमपीएस उघडू का?” स्क्रू ड्रायव्हर हातातच होता त्याच्या. एसएमपीएस म्हणजे घरची वीज घेऊन कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारा डबा. आधी प्लग काढ आणि कशालाही हात लावू नकोस, एवढं बजावून मी सिडकोतून निघाले ती तडक जुन्या नाशकात, त्यांच्या वाड्यावर.

पोराने दीड वर्ष शिकवण्या घेऊन पैसे साठवले. काही भाग इथे नाशकात घेतले, काही मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला. पंखे फिरले, पण पडदा काळाच. नेमका त्याच वेळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज आला: ‘नवीन पीसी सुरू होत नाही? दुकानदाराला पैसे देण्याआधी हे ७ उपाय करा.’ ताईने तो भाच्याला पाठवला आणि भाऊजींनी पक्कड काढली. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज माझ्या कारखान्याच्या ग्रुपवरही आला. मी अंबडला कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगला आहे, १४ वर्षं झाली. हा मेसेज बघून गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला उपाय असा: ‘कॅबिनेटला शॉक लागत असेल तर अर्थिंगमधून करंट उलटा येतोय. प्लगची तिसरी पिन कापा किंवा टू पिन लावा.’

हे साफ खोटं आहे आणि जिवावर बेतणारं आहे. एसएमपीएसमध्ये वीज आत शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांच्यातून अगदी थोडा करंट सतत पत्र्यात येतो आणि अर्थच्या, म्हणजे तिसऱ्या पिनच्या तारेने जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर त्याला वाट उरत नाही. मग पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो आणि तुम्ही शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून हात लावलात की तो करंट तुमच्यातून जमिनीत जातो. म्हणजे झिणझिण्या येतात त्या अर्थ नाही म्हणून. मी मीटर लावला तेव्हा कॅबिनेटवर १०८ व्होल्ट दिसले. स्विचबोर्डचं झाकण उघडलं तर सॉकेटला भोकं तीन आणि मागे तारा दोनच. वाड्याचं वायरिंग जुनं, तिसरी तार कधी ओढलेलीच नाही. पिन असली काय नि कापली काय, तिथे फरक पडणारच नव्हता. तरीही कापलेल्या पिनची ती केबल उद्या चांगल्या अर्थिंगच्या घरात गेली असती, तर तिथलंही संरक्षण संपलं असतं.

नुसत्या झिणझिण्यांनी माणूस मरत नाही, तो करंट मिलिअँपिअरच्या हिशेबातला असतो. खरा धोका पुढे आहे. एसएमपीएसच्या आत कधी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ असलेल्या घरात तो करंट अर्थच्या तारेने धावतो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज आपोआप तोडणारे सुरक्षेचे स्विच) पडते. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही. मशीन चालू दिसतं आणि पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट बसलेले असतात. थ्री पिनची ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड आहे ती उगाच नाही. प्लग लावताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा, यासाठी ती लांब केलेली आहे.

त्या मेसेजखाली कुणीतरी शहाणपण जोडलं होतं: ‘अर्थ नसेल तर सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडा, शॉक बंद होतो.’ होतो, हे खरं. म्हणूनच काही वायरमनही हे करून जातात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर घरातल्या चालू उपकरणांमधून फेज त्या तारेवर येतो आणि थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर पोचतो. फ्रिज, गीझर, जे जे त्या सॉकेटांवर आहे त्या सगळ्यांच्या पत्र्यावर. कुणी हे करून दिलं असेल तर आजच्या आज सोडवून घ्या.

दुसरा उपाय: ‘एसएमपीएस उघडून ब्रशने साफ करा, मोठ्या कपॅसिटरचे दोन पाय स्क्रू ड्रायव्हरने जोडून चार्ज मोकळा करा.’ भाचा हेच करायला निघाला होता. त्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चालू असताना त्यावर खरोखरच पावणेचारशेच्या पुढे डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने जोडलं की ठिणगी उडते, टोक वितळतं, आणि हात घसरला तर तो चार्ज हातातून जातो. आमच्याकडे कारखान्यात मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा कपॅसिटर मोकळा करायचा तर रेझिस्टर लावून, हातमोजे घालून, मीटरवर बघत बघत करतात. घरी कॉटवर बसून करायचं काम नव्हे हे. आणि नव्याकोऱ्या एसएमपीएसमध्ये साफ करायला असतं तरी काय? उघडला की वॉरंटीही गेली.

तिसऱ्या उपायात अर्धं खरं आहे. ‘हिरवी आणि काळी तार जोडा, पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला. पिवळ्या तारेवर १२ च्या खाली दाखवलं तर खराब, बदला.’ एसएमपीएसमधून बोर्डकडे जाणाऱ्या जुडग्यातली हिरवी तार काळीला जोडली की एसएमपीएस चालू होतो, हे बरोबर. इंटेलची एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉप पीसीच्या नेहमीच्या प्रकारच्या एसएमपीएससाठीची मार्गदर्शिका सगळ्यांना वाचायला खुली आहे, त्यात ही खूण दिलेली आहे. पण त्याने चालू होतो एवढंच कळतं, लोडवर टिकतो का ते कळत नाही. शिवाय आजकालच्या कितीतरी एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, म्हणजे चांगला एसएमपीएस तुम्ही खराब म्हणून परत कराल. १२ च्या आकड्याचं तर त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: खाली निदान पाच टक्के चालतं, म्हणजे ११.४० पर्यंत. भाच्याच्या मशीनवर ११.८८ होते. मेसेजच्या हिशेबाने त्याने आणखी काही हजार खर्चून नवा एसएमपीएस आणला असता.

चौथ्याने तर पोराचे तीन दिवस घालवले. ‘पंखे फिरतात पण ३० सेकंदांत चित्र आलं नाही तर मदरबोर्ड गेला. लगेच बंद करा, नाहीतर प्रोसेसरही जाईल.’ भाच्याची रॅम डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची आहे. असं मशीन पहिल्यांदा चालू होताना बोर्ड त्या रॅमबरोबर वेळ जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. बऱ्याच बोर्डांवर तेव्हा रॅमचा छोटा दिवा लागलेला दिसतो. भाचा तीन दिवस घड्याळ लावून ३० सेकंदांनी बंद करत होता आणि ट्रेनिंग दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होतं.

मी अर्थ असलेल्या शेजारच्या घरातून तात्पुरती थ्री पिन एक्स्टेंशन ओढली, स्वतःच्या कॉम्प्युटरची केबल लावली, मशीन चालू केलं आणि त्याला सांगितलं, दहा मिनिटं हात लावायचा नाही. तो पायऱ्यांवर जाऊन बसला. पाचव्या मिनिटाला चित्र आलं.

पंखे फिरून चित्र न येण्याची दुसरीही कारणं असतात आणि ती बहुतेक साधी असतात. प्रोसेसरशेजारची आठ पिनांची वेगळी केबल लावायची राहिलेली असते. रॅम दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबलेली नसते. दोन रॅम असताना दुसऱ्या आणि चौथ्या खाचेऐवजी शेजारीशेजारी लावलेल्या असतात. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी बोर्डला लावलेली असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, त्यांच्यात चित्र दाखवायची सोयच नसते, मग बोर्डच्या पोर्टमधून चित्र येणार कुठून? कधी बोर्ड आधीचा आणि प्रोसेसर नंतरचा असतो, तिथे बायोस (बोर्डमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. मशीन सेकंदभर चालू होऊन बंद पडत असेल तर बोर्डखाली एखादा पितळी स्टँड जास्तीचा बसलाय का ते बघा. यातल्या कशालाही बोर्ड गेला म्हणत नाहीत.

‘बीप आला नाही म्हणजे प्रोसेसर गेला’ हा पाचवा. बीप वाजवणारा छोटा स्पीकर हल्ली बऱ्याच कॅबिनेटबरोबर येतच नाही. स्पीकरच नसेल तर बीप येणार नाही, त्यात प्रोसेसरचा काही संबंध नाही.

सहावा: ‘रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासा आणि बोर्डवरचा सेल काढून लावा.’ यात तथ्य आहे, मान्य करते. जुन्या, काळवंडलेल्या रॅमला खोडरबर लावून मीही मशीन चालू केलेली आहेत. पण नव्या रॅमला त्याची गरज नसते. काढून नीट बसवली म्हणून ती चालते आणि श्रेय खोडरबरला मिळतं. सेल काढला की बायोसची सेटिंग मूळपदावर येतात, हेही खरं. रॅमचा वेग वाढवून ठेवल्यामुळे मशीन अडलं असेल तर उपयोग होतो. मात्र आधी प्लग काढा. मशीन बंद असलं तरी प्लग आणि मागचं बटण चालू असेपर्यंत जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट बोर्डपर्यंत येतच असतात. मेसेजमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही. आणि डीडीआर५ असेल तर सेल काढल्यावर पुन्हा तेवढाच वेळ थांबावं लागतं.

सातवा, ‘ग्राफिक कार्ड तव्यावर गरम करा.’ कार्डावरचे भाग जोडणारं, शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, तर कार्डावरचे बरेच कपॅसिटर साधारण १०५ अंशांसाठी बनवलेले असतात. तव्यावर आधी काय जाईल ते सांगायला नको. नवीन कार्ड चालत नसेल तर वॉरंटीत परत करा. आणि ज्या तव्यावर हे कराल त्यावर पुन्हा भाकरी भाजू नका.

वाड्याच्या मालकांशी भाऊजी बोलले. चौकात अर्थिंगचा खड्डा घेऊन दोन्ही खोल्यांत तिसरी तार ओढायची आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायची असं ठरलंय, परवानाधारक वायरमन शनिवारी येणार आहे. तोवर ते मशीन शेजारच्या एक्स्टेंशनवरच चालेल. कापलेल्या पिनची केबल मी मधोमध दोन तुकडे करून टाकली. तुमच्या घरी हा मेसेज वाचून कुणी पिन कापली असेल, तर तीच केबल शोधून आधी तिचे तुकडे करा आणि नवी आणा. कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळते.