बोट लुक्वाटानं नाही बुडवली

काल रात्री साडेअकराला आत्याचा फोन. "ताई माझं ऐकत नाही, तू तरी सांग तिला, बोटीत बसू नको म्हणावं." ताई युगांडात, कंपालात नोकरीला आहे, शनिवारी एन्टेबेहून लेक व्हिक्टोरियातल्या सेसे बेटांवर जायचं ठरलंय. आणि आत्याच्या भजनाच्या ग्रुपवर नेमकं फॉरवर्ड आलेलं की लेक व्हिक्टोरियात लुक्वाटा नावाचा डायनोसॉरच्या काळातला राक्षस आहे, तो बोटी ओढून बुडवतो, २०१८ ला बोट बुडून गेलेली शेकडो माणसं त्यानंच नेली, एका इंग्रज साहेबानं तो बघितलाय.

आधी ते २०१८ चं, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. ती बोट एमव्ही न्येरेरे, टांझानियाची, उकारा बेटाच्या धक्क्याजवळ आली आणि उलटली. क्षमता १०१ माणसांची, आणि मेलीच सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे चढवली किती असतील? १९९६ ला टांझानियातच म्वान्झाजवळ एमव्ही बुकोबा बुडाली, तीपण अशीच खचाखच भरलेली, शेकडो माणसं गेली. न्येरेरेच्या वेळी टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी जबाबदार लोकांना अटक करायचे आदेश दिले होते. माणसं कोंबणाऱ्यांचं पाप राक्षसाच्या नावावर कसलं खपवता? आणि तिथले कोळी अंधाऱ्या रात्री दिवे लावून मुकेने नावाची बोटाएवढी लहान मासळी धरायला जातात, रात्रीच दोन्ही काठांवरचे वारे सरोवराच्या मध्यावर येऊन भिडतात आणि वादळं उठतात, छोट्या होड्या जातात त्या त्यात.

डायनोसॉरचं तर सोडाच. १९९६ मध्येच 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात तळातल्या गाळाचा अभ्यास छापून आला, त्यातून कळलं की हे अख्खं सरोवर हिमयुगाच्या शेवटी आटलं होतं. पाणी परत भरलं त्याला साधारण पंधरा हजार वर्षं झाली. डायनोसॉर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मधल्या काळात हा राहिला कुठे?

इंग्रज साहेबाचं मात्र खरंय, मान्य करतो. सर क्लेमेंट हिल यांनी काहीतरी बघितल्याचं सांगितलं होतं, आणि हॉब्ले नावाच्या अधिकाऱ्यानं १९१३ मध्ये असल्या गोष्टी लिहूनही ठेवल्या. पण बघितलं म्हणजे काय, पाण्यावर क्षणभर दिसलेलं डोकं. मोठा अजगरही असू शकतो.

आणि युगांडातल्या बागांडा लोकांची मूळ गोष्ट किती सुंदर आहे! लुक्वाटा मगरींशी झुंजतो, झुंजीत त्याचे तुकडे पडतात, ते लोक ताईत म्हणून जपून ठेवतात. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

ताईला मेसेज टाकलाय, जा, पण लाइफ जॅकेट घालून बस, आणि बोट भरलेली दिसली तर सरळ उतर.