वीज, पाणी, राखड आणि डीपी : गावोगाव फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

रब्बीच्या ओलिताच्या पाळ्या सुरू झाल्या की गावाच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास येतो. ‘विदर्भाच्या शेतकऱ्यांनो, जागे व्हा’ अशी सुरुवात आणि पुढे पाच गोष्टी. धरणावर पाण्यातून वीज काढून घेतात आणि सत्त्व गेलेलं पाणी कालव्याला सोडतात. औष्णिक केंद्राच्या मोठमोठ्या मनोऱ्यांतून निघणारा पांढरा धूर विषारी असतो. चंद्रपूर-कोराडीची वीज मुंबईला जाते म्हणून आपल्याला रात्रीची लाईन मिळते, ती इथंच ठेवली तर चोवीस तास मिळेल. केंद्राची राखड म्हणजे फुकटचं खत. आणि अणुवीज तारेतून किरणोत्सर्ग घेऊन घरात शिरते.

रात्री दोन वाजता थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचा राग खरा आहे. म्हणूनच हा मेसेज नुसता खोटा म्हणून सोडून देता येत नाही. पाचांपैकी तिसरी गोष्ट अर्धी खरी आहे. ती शेवटी घेऊ, कारण तिला वेळ लागेल.

‘वीज काढलेल्या पाण्यात दम राहत नाही’

ही समजूत जुनी आहे. दुधातून लोणी काढलं की ताक उरतं, तसंच पाण्याचं होत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण टर्बाइन पाण्यातून कुठलाच पदार्थ काढत नाही. वापरलं जातं ते पाण्याचं पडणं. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी १०० मीटर उंचीवरून टर्बाइनवर सोडलं, तर यंत्रातली गळती वजा जाता साधारण ८८० किलोवॅट वीज मिळते. टर्बाइन न लावता तेच पाणी सांडव्यावरून कोसळू दिलं, तर तीच ऊर्जा आवाजात, फेसात आणि उष्णतेत जाते आणि पाणी जेमतेम पाव अंश तापतं. फरक एवढाच. पाण्यातले क्षार, चुना, विरघळलेलं नत्र यांना टर्बाइनचं पातं हातही लावत नाही.

याची खात्री करायला लांब जायला नको. पेंच नदीवरच्या तोतलाडोहाला ८० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात साठतं आणि तिथल्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौद्याकडचे धान पिकतात. नागपूर शहराच्या नळालाही तेच पाणी येतं.

मग कालव्याच्या पाण्याबद्दल काहीच तक्रार नसावी का? असावी, पण ती धरणाबद्दल. मोठ्या धरणाच्या तळाजवळून सुटलेलं पाणी थंड असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. गाळ वरच बसल्यामुळे पूर्वी पुराबरोबर वावरात येणारी पोयटा माती येत नाही. कालव्यात वाहता वाहता पाणी तापतं आणि हवाही धरतं, त्यामुळे पहिल्या दोन त्रुटी शेतापर्यंत फारशा पोचत नाहीत. गाळाची मात्र उरते. दुसरं, वीजगृह विजेच्या मागणीनुसार चालतं, त्यामुळे त्याच्या लगेच खालच्या पात्रात पाणी अचानक चढतं. भोंगा वाजला की गुरं आणि माणसं पात्राबाहेर आली पाहिजेत. आणि पेंचच्या कालव्याला पाणीच कमी का येतं, हा प्रश्न असेल तर वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारा येवा घटला आहे, ते विचारायला हवं. ‘सत्त्व गेलं’ म्हणत बसलं की हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

‘मनोऱ्यांचा पांढरा धूर विषारी’

ज्यांचा फोटो मेसेजबरोबर फिरतो ते डमरूसारखे, मधे बारीक आणि खाली रुंद मनोरे म्हणजे चिमण्या नव्हेत. ते पाणी थंड करायचे मनोरे, कूलिंग टॉवर. कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले ३६ ते ३८ भागच वीज होतात. उरलेल्यातला मोठा वाटा टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करताना थंड पाण्यात जातो. हे तापलेलं पाणी मनोऱ्यात वरून शिंपडतात, खालून हवा शिरते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि बाकीचं निवतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं.

ओळखायची खूण सोपी आहे. मनोऱ्याचा पांढरा ढग थंडीच्या सकाळी मोठा दिसतो, मेच्या दुपारी जवळपास दिसत नाही आणि थोडं वर जाऊन विरून जातो. धूर असा विरत नाही. तो पसरतो आणि क्षितिजावर करडा पट्टा ठेवतो.

खरा धूर बाजूच्या उंच, सरळ चिमणीतून निघतो. ५०० मेगावॅट आणि त्यावरच्या संचाला २७५ मीटर उंचीची चिमणी लागते. नेमका तिचाच धूर बहुतेक वेळा डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक तिच्याकडे पाहत नाहीत.

हिशोब करून पाहा. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारानं दिवसभर चालला तर साधारण आठ हजार टन कोळसा जाळतो, म्हणजे मालगाडीच्या दोन रेक. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के. म्हणजे दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास राख. त्यातली चार पंचमांश धुरासोबत उडते. ती पकडायला चिमणीच्या आधी ईएसपी, म्हणजे विजेच्या भारानं राख ओढून घेणारं यंत्र, असतो. त्यात हजारो व्होल्टचा दाब दिलेल्या तारा आणि पत्रे असतात. राखेचे कण भारित होऊन पत्र्याला चिकटतात, हातोडे ठोकून ते खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेटीत, पाडतात. ईएसपीनं ९९.९ टक्के राख पकडली तर दिवसाला दोन-अडीच टन बाहेर जाते. तीच पकड ९९ टक्क्यांवर घसरली तर चोवीस टन. ऐकायला फरक एका टक्क्याहूनही कमी, आणि राख दहापट. हॉपर तुंबला, ईएसपीचा एखादा कप्पा बंद पडला, राखेचा ओलावा बदलला की अशी घसरण होते. कण पकडले तरी सल्फर डायऑक्साइड ईएसपीत अडकत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. पत्र्यावर, कपाशीच्या बोंडावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या थराचं कारण शोधायचं तर ही चिमणी, कोळशाची उघडी वाहतूक आणि राखेचे तलाव, या तिन्हींकडे पाहायला हवं. कूलिंग टॉवरकडे बोट दाखवलं की केंद्राचा माणूस ‘ती वाफ आहे’ असं खरंच सांगतो आणि चर्चा तिथंच संपते.

मनोऱ्याबद्दल विचारायचंच तर पाणी विचारावं. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना सरकारी मर्यादा आहे एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची. त्या हिशोबानं ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर पाणी घेऊ शकतो. चंद्रपूरचं केंद्र इरई धरणावर आहे आणि एकूण २,९२० मेगावॅटचं आहे. कोराडीनं नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायला सुरुवात केली. तसं इतर केंद्रांत किती झालं, हा ग्रामसभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

‘राखड म्हणजे फुकटचं खत’

चुलीची राख आणि केंद्राची राख एक नव्हे. लाकडाच्या राखेत पालाश चांगला असतो, म्हणून आजी ती वांग्याच्या आळ्यात टाकायची आणि ते बरोबर होतं. दगडी कोळशाची राख मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असते, म्हणजे वितळून गोळ्या झालेली बारीक वाळू आणि माती. नत्र त्यात जवळपास शून्य, कारण ते भट्टीतच उडून गेलेलं असतं. आपल्याकडची राख बहुधा अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच त्या बाजूला झुकलेली. त्यात भर घातली की जस्त आणि लोह पिकाला मिळणं अवघड होतं. शिवाय बोरॉन जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात. माती परीक्षण न करता ट्रॉलीच्या ट्रॉली वावरात ओतू नका.

सिमेंट, विटा, रस्त्याचा भराव यांत राखेचा उत्तम उपयोग होतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं शंभर टक्के राख वापरणं वीज केंद्रांवर बंधनकारक केलं आहे. न वापरलेली राख तलावात साठते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि ती राख शेतांत व नदीत गेली. तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांचं वावर आहे त्यांनी पावसाळ्याआधी बांधाच्या पायथ्याशी पाझर, भेगा, उंदरांची बिळं दिसतात का ते पाहून लेखी कळवावं.

‘अणुवीज किरणोत्सर्ग घेऊन येते’

येत नाही. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन संचांत अणुभट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जाते, तरी जनरेटर वेगळा असतो. त्याच्या फिरत्या आणि स्थिर भागांमध्ये हवेची फट असते आणि वीज चुंबकक्षेत्रानं तयार होते. तारेतून कुठलाही किरणोत्सर्गी कण प्रवास करत नाही. तारापूरची वीज आपल्याच ग्रीडमध्ये मिसळते, म्हणजे गावातला दिवा इतकी वर्षं थोडाफार तिच्यावरही जळतोच आहे. अणुकेंद्राचा खरा धोका वेगळा आहे. भट्टी बंद केल्यावरही इंधन तापत राहतं, बंद होताक्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, म्हणून थंड पाण्याचा पुरवठा एक क्षणही तुटता कामा नये. २०११ मध्ये फुकुशिमात तोच तुटला.

‘आपली वीज मुंबईला जाते म्हणून आपल्याला रात्रीची लाईन’

पहिला अर्धा भाग खरा आहे. विदर्भ वापरतो त्याहून फार जास्त वीज तयार करतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस ही सरकारी केंद्रं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं खासगी केंद्र, मौद्याचं २,३२० मेगावॅटचं. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० केव्ही डीसी लाईन १९९९ पासून आहे, १,५०० मेगावॅटची. ती वीज पश्चिमेकडे न्यायलाच बांधली. राख इथं आणि उजेड तिथं, ही तक्रार न्याय्य आहे.

पण ती लाईन उद्या बंद केली तरी तुमच्या मोटारीला दिवसा फेज येणार नाही. रात्रीच्या लाईनचं कारण कोळशाच्या संचाच्या स्वभावात आहे. तो पंख्यासारखा बंद-चालू होत नाही. थंड बॉयलर पेटवून भारावर आणायला दहा-बारा तास आणि बरंच तेल लागतं, आणि चालू संच साधारण ५५ टक्क्यांखाली उतरवता येत नाही. रात्री कारखाने आणि घरं झोपली की वीज उरते. ती खपवायला कृषिपंपांचे फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून पंपांकडे येणाऱ्या लाईनी, रात्री लावले गेले. म्हणजे सोय केंद्राची आणि झोप शेतकऱ्याची मोडली. दिवसा वीज हवी तर दिवसा तयार होणारी हवी, म्हणून गावाजवळच्या सबस्टेशनला जोडलेले सौर प्रकल्प हा मार्ग आहे. आपल्या फीडरचा त्यात समावेश कधी होणार, ही विचारायची गोष्ट.

आणि दिवसा लाईन असूनही मोटार चालत नाही, त्याचं कारण केंद्रात नसतं, धुऱ्यावरच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, असतं. ६३ केव्हीएचा डीपी सुमारे ८४ अँपिअर देतो. पाच एचपीची मोटार चांगल्या व्होल्टेजवर साडेसात अँपिअर घेते. म्हणजे अकरा मोटारी. प्रत्यक्षात अठरा-वीस असतात, त्यातल्या काही कागदावर तीन एचपीच्या आणि विहिरीवर पाचच्या. व्होल्टेज ४१५ वरून ३०० वर आलं की तेवढंच पाणी उचलायला मोटार साडेदहा अँपिअर ओढते आणि वाइंडिंगची उष्णता जवळपास दुप्पट होते. त्यात बहुतेकांनी ऑटो स्वीच लावलेला. लाईन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि उठताना प्रत्येक जण सहापट करंट मागतो. डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. मग कुणीतरी त्यात जाड तार बांधतो. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीच जळतो आणि ऐन ओलितात आठवडा कोरडा जातो.

यातलं बरंच गावाच्या हातात आहे. ऑटो स्वीच काढा, किंवा त्याला टायमर लावून प्रत्येकानं दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं मोटार उठू द्या. तीन एचपीला १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआरचा कॅपॅसिटर स्टार्टरनंतर, मोटारीच्या बाजूला जोडा. पाच एचपीची मोटार साडेसातऐवजी साडेसहा अँपिअरच्या आत येते, म्हणजे त्याच डीपीवर आणखी दोन मोटारी बसतात. जळालेला कॅपॅसिटर तसाच लोंबत ठेवला तर उपयोग नाही, फुगला की बदला. डीओत तार बांधू नका आणि डीपीवर स्वतः चढू नका.

बाकीचं वीज कंपनीकडून करून घ्यायचं. अर्जात ‘लाईन बरोबर येत नाही’ एवढंच लिहिलं तर तो अर्ज कुठंच जात नाही. डीपीचा नंबर लिहा, त्यावरच्या प्रत्येक मोटारीचा खरा एचपी लिहा, स्वतःचा वाढलेला असेल तर तोही. सगळ्या मोटारी चालू असताना, पहिल्या आणि शेवटच्या विहिरीवर, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज वायरमनकडून मोजून तारीख-वेळेसह नोंदवा. पहिल्या विहिरीवरच कमी असेल तर डीपी अपुरा आहे किंवा वरची ११ केव्ही लाईन लांब पडते आहे. पहिल्या विहिरीवर ठीक आणि शेवटच्या विहिरीवर ३०० असेल तर एलटी लाईन, म्हणजे डीपीपासून विहिरींपर्यंतची, लांब किंवा तार बारीक आहे, तिथं मधे दुसरा डीपी मागायचा. तिन्ही फेजमध्ये पंधरा-वीस व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर एका फेजवर जास्त भार आहे किंवा कुठंतरी जोड सैल आहे. ते लाईनमन एका दिवसात दुरुस्त करू शकतो.