‘खोकं सहा आठवड्यांनी पोहोचलं, वर तुम्ही वस्तूही काढल्यात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आधी आभार मानतो. अमेरिकी नौदलातल्या मुलासाठी तुम्ही आमच्या पार्सलच्या दुकानातून पाठवलेल्या खोक्याचं लेबल रिव्ह्यूसोबतच्या फोटोत वाचता येत होतं आणि त्याचं जहाज कोणत्या महिन्यात परतणार तेही तुम्ही लिहिलं होतं. आम्ही फोन केला आणि तुम्ही दोन्ही लगेच काढून टाकलंत. तक्रारीतला एक शब्दही बदला असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. दोन तारे दिलेत, ते राहू द्या. इथे पुन्हा सांगतोय ते हा रिव्ह्यू वाचणाऱ्या इतर घरच्यांसाठी: जहाज कुठे आहे, तुकडी कधी हलणार, मुलगा कधी घरी येणार, यातलं काही उघड्यावर लिहू नका. आनंदाच्या भरात लिहिलेली तारीख नको त्यालाही वाचता येते, आणि त्या जहाजावर आपल्या एकट्याचा मुलगा नसतो.

आता तुमच्या तक्रारी. तुम्ही लिहिलंय की मुलाला पाठवलेलं खोकं पोहोचायला सहा आठवडे लागले आणि त्यातले तीन आठवडे ट्रॅकिंग एकाच जागी अडकलं होतं. आम्ही पॉवर बँक, बॉडी स्प्रे आणि सेंटची बाटली काढून ठेवली, उरलेलं सामान उचकून पुन्हा भरलं, आणि पोस्टात फुकट मिळणाऱ्या खोक्याचे पैसे लावले. शेवटची तक्रार ही की ‘कुठल्याही जवानाला द्या’ म्हणून आणलेलं दुसरं खोकं आम्ही घेतलंच नाही. ‘आईच्या मायेला कात्री लावली’ असे तुमचे शब्द आहेत. ते मला लागले, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेळेचं आधी. अमेरिकी सैन्याच्या पत्त्यावरचं पार्सल अमेरिकेतल्याच दराने जातं, त्यामुळे ते अमेरिकेतल्यासारखंच तीन-चार दिवसांत पोहोचेल असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेचं पोस्ट खातं ते फक्त देशाबाहेर टपाल सोडणाऱ्या केंद्रापर्यंत नेतं. तिथून पुढे ते सैन्याच्या टपालव्यवस्थेच्या हाती जातं आणि मधल्या टप्प्यांवर नोंदी फार कमी होतात. ट्रॅकिंग तीन आठवडे गप्प दिसलं ते त्यामुळे. खोकं हरवलं नव्हतं, ते अशा वाटेवर होतं जिथे प्रत्येक वळणावर स्कॅन होत नाही.

जहाजाचं तर आणखी वेगळं. एफपीओ (नौदलाचं टपाल कार्यालय) पत्त्याचा पिनकोड त्या जहाजाचा असतो, एखाद्या जागेचा नसतो. जहाज जाईल तिकडे टपालाला त्याच्या मागे जावं लागतं. टपाल आधी एखाद्या बंदरात किंवा तळावर पोहोचतं आणि जहाजाची सोय होईपर्यंत तिथे थांबतं. विमानवाहू जहाजावर ते विमानाने जातं. हे काम अनेक वर्षं सी-२ ग्रेहाउंड विमानांनी केलं, आता ते सीएमव्ही-२२ ऑस्प्रे विमानांकडे येत आहे. लहान जहाजांना भर समुद्रात रसद चढवताना किंवा हेलिकॉप्टरने टपाल मिळतं. त्या फेरीत जागा मोजकी असते. इंधन, सुटे भाग, खाण्याचं सामान यांच्या सोबतीने आपलं खोकं जायचं असतं. मध्येच जहाजाचा मार्ग बदलला की टपालाचाही बदलतो, आणि तो का बदलला हे ना आम्हाला कळतं, ना कळायला हवं. म्हणून आम्ही पोहोचण्याची तारीख कधीच सांगत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही सांगितली नव्हती. ‘वाढदिवसापर्यंत जाईल ना?’ या प्रश्नाला आमचं उत्तर ‘जितकं लवकर टाकाल तितकं बरं’ एवढंच असतं. ते कोरडं वाटतं हे मला माहीत आहे. पण एखाद्या आईला खोटी तारीख देऊन तिला त्या दिवसाची वाट बघायला लावणं मला जमणार नाही.

पत्त्यावर देशाचं किंवा बंदराचं नाव लिहायला आम्ही मनाई केली, त्यावरही तुम्ही नाराज आहात. ते नाव लिहिलं की पार्सल त्या देशाच्या नागरी टपालात जाण्याची शक्यता असते, आणि तिथून ते जहाजापर्यंत पोहोचवणं फार अवघड. नाव, हुद्दा, जहाज, एफपीओ, मग मुलाने दिलेल्या पत्त्यात असतील ती दोन अक्षरं (एई किंवा एपी), आणि पिनकोड. एवढ्यावर ते बरोबर जातं.

आता काढलेल्या वस्तू. तिन्ही वस्तू काउंटरवर तुमच्यासमोर काढल्या, पावतीवर लिहिल्या आणि तुमच्या हातात परत दिल्या, हे तुम्हीही नाकारलेलं नाही. कारण मात्र तुमच्या रिव्ह्यूत आलं नाही. बॉडी स्प्रेच्या डब्यात दाबाखाली भरलेला वायू बहुतेक वेळा पेट घेणारा असतो. सेंटमध्ये मुख्यतः अल्कोहोल असतं. ही दोन्ही हवाई टपालातून पाठवता येत नाहीत. पॉवर बँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरीच. सैन्याच्या पत्त्यावर लिथियम बॅटरी पाठवायची तर ती ज्या उपकरणासाठी आहे त्यात बसवलेलीच असावी लागते. अशी बॅटरी दबली किंवा आत बिघडली तर एक सेल तापतो, त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, आणि ती आग साध्या पाण्याच्या फवाऱ्याने चटकन आटोक्यात येत नाही. ही आग विमानाच्या पोटात लागली तर काय होईल, आणि जिथून पळायला जागाच नाही अशा जहाजावर लागली तर काय होईल, याचा विचार करा. कस्टमच्या फॉर्मवर ‘यात धोकादायक काही नाही’ या मजकुराखाली सही तुमची असते, आमची नसते. तुम्हाला त्या सहीत अडकवून मी गल्ला भरू का?

याशिवाय जागेजागेचे वेगळे नियम असतात. पोस्ट खात्याचं ‘पोस्टल बुलेटिन’ दर दोन आठवड्यांनी निघतं आणि सैन्याच्या कोणत्या पिनकोडला काय चालत नाही याचा तक्ता त्यात असतो. कुठे डुकराच्या मांसाचे पदार्थ चालत नाहीत, कुठे तंबाखूवर बंधन असतं, कुठे खोक्याच्या आकारावर. मागच्या खेपेला गेलेली वस्तू या खेपेला जाईलच असं नसतं. आम्ही प्रत्येक खोक्यासाठी तो तक्ता पुन्हा बघतो. फॉर्मवर नुसतं ‘भेटवस्तू’ लिहून भागत नाही. मोजे, पेन, कॉफी असं एकेक लिहावं लागतं.

सामान उचकल्याबद्दल. तुमच्या खोक्यात सुवासिक साबणाच्या वड्या बिस्किटांच्या पुड्यांना चिकटून होत्या. साबणाचा वास पातळ वेष्टनातून आरपार जातो. उन्हात तापलेल्या गोदामात ते खोकं काही आठवडे पडून राहिलं की बिस्किटाला साबणाची चव येते, आणि मग ते कोणी खात नाही, घरून आलेलं असलं तरी. म्हणून साबण हवाबंद पिशवीत घालून तळाच्या एका कोपऱ्यात गेले आणि बिस्किटं दुसऱ्या टोकाला. शाम्पूच्या बाटलीचं बूच टेप लावून बंद केलं, कारण विमानात हवेचा दाब बदलला की बूच सैल होतं. चॉकलेट तुम्हाला विचारून बाजूला ठेवलं. उन्हाळ्यात ते वितळून मोज्यांत मुरतं. मधल्या फटींत आम्ही मोजे गुंडाळून कोंबले, खोकं कानाशी धरून हलवलं, आत काही वाजत नाही याची खात्री झाल्यावरच टेप मारली. आत पत्त्याची एक चिठ्ठीही ठेवली, वरचं लेबल फाटलंच तर कामी यावी म्हणून. तुम्ही ज्याला उचकणं म्हणता ते हे सगळं.

खोकं भरताना आम्ही एकाच माणसाचा विचार करतो: जो ते उघडणार आहे त्याचा. पाठवणाऱ्याचं मन आम्ही दुखवत नाही, पण दोघांत निवड करायची वेळ आली तर आम्ही उघडणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो. हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. १९१४ च्या नाताळात ब्रिटनमध्ये राजकन्या मेरीच्या नावाने निधी जमवून सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या. बहुतेकांच्या डबीत तंबाखू होती, पण न ओढणाऱ्यांसाठी लिहायचं साहित्य होतं, परिचारिकांसाठी चॉकलेट होतं, आणि शीख सैनिकांच्या डबीत तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी होती. ऐन युद्धात, लाखोंच्या संख्येने डब्या भरतानाही कोणाच्या हातात काय पडणार याचा विचार करणारं कोणीतरी होतं. (त्या सगळ्या डब्या नाताळपर्यंत पोहोचल्या नाहीत, वाटप पुढे बराच काळ चालू राहिलं.)

पैशांबद्दल. फुकट खोक्याबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, आणि आम्ही ते लपवत नाही. सैन्याच्या पत्त्यासाठीचं १२ बाय १२ बाय साडेपाच इंचांचं खोकं पोस्टात फुकट मिळतं. त्यात ७० पौंडांपर्यंत मावेल तेवढं भरा, दर तोच, आणि हा दर तेवढंच खोकं देशात पाठवण्यापेक्षा कमी असतो. खोकी, टेप आणि लेबलं यांचा संच पोस्ट खातं मागितल्यावर घरीही पाठवतं. आमच्या पावतीवर खोक्यापुढे शून्य आहे. पैसे लागतात ते तक्ता तपासणं, फॉर्म भरणं आणि नीट बांधणं यांचे. हे ज्यांना स्वतः जमतं त्यांनी खुशाल स्वतः करावं. फॉर्म कसा भरायचा हे आमचा काउंटरवरचा मुलगा फुकट समजावून सांगतो.

‘कुठल्याही जवानाला’ असं लिहिलेलं खोकं आम्ही घेतलं नाही, घेणारही नाही. पूर्वी असं टपाल चालायचं. २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं गेली, पाच माणसं मेली, आणि त्यानंतर संरक्षण खात्याने नाव नसलेलं टपाल बंद केलं. कारण फक्त भीतीचं नाही. अशा पार्सलांचा ढीग आला की ज्यांच्या आईवडिलांनी नावानिशी पाठवलंय त्यांचं टपाल मागे पडतं, कारण विमानात जागा तेवढीच असते. तुमची इच्छा मोठी आहे आणि ती वाया जाऊ नये. तुमच्या मुलाला विचारा, त्याच्यासोबत असा कोणी आहे का ज्याला घरून काहीच येत नाही. त्या माणसाला चालत असेल तर त्याच्या नावाने खोकं करूया. ते पाठवायला आम्हाला आनंद वाटेल.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. काउंटरवर तुम्ही मुलाचा मेसेज वाचून दाखवला होता: जाड मोजे, काळ्या शाईची पेनं, झटपट होणारी कॉफी, आणि बहिणीच्या हातचं पत्र. खोक्यात त्याच्या कितीतरी पट सामान होतं, पण पत्र नव्हतं. आमच्या काउंटरवरच्या मुलाने आठवण करून दिली तेव्हा तुम्ही ‘नंतर पाठवते’ म्हणालात. ते अजून गेलं नसेल तर साध्या पाकिटातून आजच टाका. पत्र खोक्यापेक्षा लवकर पोहोचण्याची शक्यता जास्त असते. दुसरं मोठं खोकं पाठवायचं असेल तर जहाज परतायच्या आधीचे चार-सहा आठवडे टाळा, नाहीतर ते तिकडे पोहोचेपर्यंत मुलगा घरी आलेला असेल आणि खोकं त्याच्या मागे फिरत बसेल. स्प्रे त्याला जहाजावरच्या दुकानात मिळू शकेल. पॉवर बँकेचं त्यालाच विचारा, हवी असेल तर बंदरावर उतरल्यावर तो घेईल.

पुढच्या वेळी त्याचा मेसेज घेऊन या. त्याने मागितलेलं आधी भरूया, उरलेल्या जागेत तुमच्या मनातलं.

दुकानाचा मालक